मावशी, तुझ्या पडण्याचा आवाज दुरुस्त झाला

तीर्थस्वरूप मावशीस,

दुकानातल्या फिरत्या स्टुलावर बसून जमेल तितका वाकून नमस्कार. (जास्त वाकलो की स्टूल फिरतं आणि नमस्कार गिऱ्हाइकाला पोचतो.) तुझे गुडघे कसे आहेत? डावा नेहमीप्रमाणे रुसलेला असेल आणि उजवा त्याची समजूत काढून दमला असेल. रक्तदाब, शेजारीण आणि वरच्या मजल्यावरचा तो तबला शिकणारा, तिघेही आटोक्यात असतील अशी आशा करतो. माझी तब्येत उत्तम आहे. तुझी सूनही ठणठणीत आहे आणि माझ्याशी बोलते आहे, म्हणजे घरातही सगळं ठीक.

सात महिने पत्र नाही, फोन नाही, म्हणून तू रागावली असशील. खरं तर रागावायचा हक्क माझा होता, पण तुझ्यासमोर तो वापरायची हिंमत आजवर झालेली नाही. धाकट्या मामाकडे आपण सगळे जमलो होतो तो दिवस आठव. आईच्या कपाटात सापडलेल्या व्हिडिओ कॅसेटी मी मोठ्या हौसेने कॉम्प्युटरवर उतरवून आणल्या होत्या आणि मामाच्या टीव्हीवर लावल्या होत्या. एकोणीस माणसं, सहा खुर्च्या. तलावाची ती सहल पडद्यावर आली आणि सगळ्यांनी ऐकलं, की कॅमेऱ्यामागून आई खदाखदा हसते आणि त्यानंतर चांगले दोन सेकंद उलटल्यावर तू पाण्यात पडतेस. तू उठून उभी राहिलीस. शाळेत निकाल वाचायचीस त्या आवाजात म्हणालीस, "एकतीस वर्षं मी हेच सांगते आहे. धाकटीला दोरी सुटलेली दिसत होती. ती आधीच हसली. आता यंत्रच साक्ष देतंय." आणि गेलीस. त्यानंतर तू अकरा नातेवाइकांना फोन केलेस, हे त्या अकरांनीच मला कळवलं.

आई जाऊन चार वर्षं झाली. तिला आता स्वतःची बाजू मांडता येत नाही. जिवंतपणी तरी कुठे धड मांडली? तू विषय काढलास की ती "असेल बाई, असेल" म्हणून भाजी चिरायला बसायची. तेव्हा तिच्या बाजूने कोणीतरी उभं राहायला हवं होतं, आणि मुलगा म्हणावा असा मी एकटाच आहे.

प्रकरण मुळातून सांगतो, कारण तू फोनवर सांगतेस त्यात दर वेळी तलाव खोल होत जातो. तलाव कमरेइतका होता. तू तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची, नुकतीच मुख्याध्यापिका झालेली, अंबाडा घट्ट, डोळ्यांवर काळ्या जाड काड्यांचा चष्मा, हातात चहाचा थर्मास. आई धक्क्यावर कॅमेरा घेऊन उभी. मी लाइफ जॅकेटच्या रांगेत होतो, त्यामुळे साक्षीदार म्हणून कुचकामी. तू एक पाय नावेत ठेवलास, दुसरा धक्क्यावर होता. नावेची दोरी खुंटीवरून निसटलेली होती. नाव निघाली. तू काही क्षण दोन्हीकडे समान न्याय देत राहिलीस, मग थर्मास फळीवर आपटला आणि तू पाण्यात गेलीस. प्रश्न एवढाच, की दोरी सुटलेली आईला दिसत होती का. पडल्यावर हसली असेल तर ती नुसती हसरी. आधी हसली असेल तर गुन्हेगार.

आता माझी खात्री होती, की दोष यंत्राचा आहे. कारण त्याच कॅसेटमध्ये पुढे मामा शिंकतो आणि त्याची शिंक त्याच्या आधी येते. मामाला शिंकेचा पूर्वानुभव घ्यायची सवय नाही. म्हणजे आवाज पुढे पळत होता. मी कॅसेट घेऊन एका व्हिडिओच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने मान न उचलता सांगितलं, की जुन्या कॅसेटी अशाच असतात, हवं तर मागे गाणं टाकून देतो, कोणाला कळणार नाही. आईच्या निर्दोषत्वावर गाणं टाकायला मी काही गेलो नव्हतो. मग एक चकचकीत प्रोग्राम उतरवला. त्याने आवाज जराही हलवला नाही, पण तुझ्या चेहऱ्यावर तिरप्या अक्षरांत 'ही प्रत फुकट आहे' असं छापून दिलं. (तुझ्याबद्दल कोणी असं लिहायची ही पहिलीच वेळ असावी.)

शेवटी एका गिऱ्हाइकाने, साउंड रेकॉर्डिंगचं काम करणाऱ्या सद्गृहस्थाने, वाचायचा चष्मा घेता घेता सांगितलं, की जगात एक प्रोग्राम आहे, तो वाटेल तो व्हिडिओ वाटेल त्या रूपात बदलतो, तो कोणाच्याच मालकीचा नाही, आतली सगळी कारागिरी उघड्यावर मांडलेली आहे, कोणीही वाचावी, कोणीही सुधारावी. मी विचारलं, "मग त्यात यांचा फायदा काय?" तो म्हणाला, "ते मला विचारू नका, मी वीस वर्षं वापरतोय आणि मलाही कळलेलं नाही."

मावशी, मी तो उतरवून घेतला. उघडला तर काय, काळी खिडकी. बटण नाही, चित्र नाही, 'स्वागत' नाही. तुझ्या वर्गातल्या फळ्यासारखी, आणि तितकीच प्रेमळ. त्यात हुकूम लिहायचा. हुकूमही असे, की एखादी आडवी रेघ राहिली तरी प्रोग्राम आज्ञा पाळतो, फक्त आपण दिलेली नव्हे, त्याला समजलेली. माझ्याकडून एक ठिपका इकडचा तिकडे झाला आणि त्याने एक तासाच्या कॅसेटची नव्वद हजार वेगवेगळी चित्रं करून दुकानाच्या कॉम्प्युटरवर ओतली. तेवढ्यावर भागलं असतं. पण दुकानाच्या काचेत जो टीव्ही लावला आहे, चष्म्याच्या जाहिराती दाखवणारा, तो त्याच कॉम्प्युटरमधली चित्रं ओळीने उचलतो. मी आत कॉम्प्युटरच्या नावाने खडे फोडत होतो आणि बाहेर भर दुपारी रस्त्याच्या दिशेने तू पडत होतीस. एकेक चित्र तीन सेकंद. तू इतकी सावकाश पडत होतीस, की लोक सामान खाली ठेवून उभे राहिले. खाली आमची नेहमीची ओळ होती, 'वेळीच डोळे तपासा'. तुझी सून भाजी घेऊन आली तेव्हा फुटपाथवर सतरा माणसं होती आणि तू अजून पाण्याला लागली नव्हतीस. एका बाईंनी आत येऊन विचारलं, "त्या पडताहेत त्या बाईंसारखी फ्रेम आहे का? इतकं होऊनही नाकावरून हलली नाही." तुझ्यासारख्या चार फ्रेमा त्या आठवड्यात गेल्या. हे तुला सांगणार नव्हतो.

तर प्रोग्राम हाती आला, पण आवाज जागचा हलेना. तेव्हा मला कळलं, की या प्रोग्रामच्या मागे माणसं आहेत. त्यांची एक चावडी आहे इंटरनेटवर, तिथे प्रश्न विचारता येतो. कोणाला खरं नाव नाही, सगळे टोपणनावाने. काटकोन, ओला पोपट, रिकामा डबा, तळमजला. (मी मराठी करून सांगतोय, मूळ नावं याहून विचित्र आहेत.) मी 'चष्मेवाला' झालो. माझं इंग्रजी चष्म्याच्या नंबरापुरतं, तरी डिक्शनरी घेऊन दोन दुपारी खपून मी रीतसर पत्र लिहिलं. सर्वांना नमस्कार, आपणा सर्वांच्या प्रकृती उत्तम असतील, माझी मावशी निवृत्त मुख्याध्यापिका आहे, माझ्या आईवर आळ आला आहे, इथपासून थर्मासच्या रंगापर्यंत. उत्तर आलं काटकोनाचं. एक शब्द. "लॉग?"

मी चक्रावलो. शाळेत लॉगची पुस्तिका असायची, गुणाकार भागाकार सोपे करायला, ती मला कधी जमली नाही हे तुला माहीत आहेच. (तूच नापास केलं होतंस.) मी प्रांजळपणे लिहिलं, की त्या विषयात मला शंभरपैकी एकोणीस होते, पण त्याचा इथे काय संबंध? मग रिकामा डबा नावाच्या भल्या माणसाने समजावलं, की लॉग म्हणजे प्रोग्राम काम करताना जे बडबडतो ती सगळी बडबड. ती इथे चिकटवा, मग बघू. ओल्या पोपटाने लिहिलं, की गेल्या दहा वर्षांत इथे कोणी आमच्या प्रकृतीची चौकशी केली नव्हती, आणि विचारलंच आहे तर त्याची पाठ दुखते.

मी बडबड चिकटवली. त्यात साडेचारशे ओळी होत्या. तळमजला या नावाने त्यातली एकशे बारावी ओळ उचलून मला म्हटलं, की इथे घोटाळा आहे, फाईलचा एक मिनिटाचा तुकडा पाठवा. मी पाठवला. पुढचे तीन आठवडे मी दुकान कसं चालवलं ते विचारू नकोस. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरांचा तक्ता लावायच्या ऐवजी मी चावडीवरचं उत्तर लावलं होतं, आणि एक आजोबा बिचारे एक डोळा झाकून तळमजल्याचे हुकूम मोठ्याने वाचत होते. "आडवी रेघ, आडवी रेघ, ए, एस..." वाचून दाखवलं मात्र अचूक. त्यांना चष्मा लागलाच नाही.

दोष कुठे होता ते तुला सोपं करून सांगतो, मलाही सोपं करूनच सांगितलं आहे. कॅसेट जिथे जिथे चुरगळली होती तिथे आवाजाचे तुकडे फाटके झाले होते. आपला प्रोग्राम चित्र जपून ठेवायचा, पण आवाजाचा फाटका तुकडा दिसला की टाकून द्यायचा आणि मागचा आवाज पुढे ओढून घ्यायचा. असे पंचावन्न तुकडे. दर तुकड्यागणिक आवाज थोडा थोडा पुढे पळाला. तळमजल्याचं म्हणणं, की तुकडा जितका वाचेल तितका वाचवायचा आणि जिथे काहीच वाचत नाही तिथे तेवढ्याच लांबीची शांतता भरायची. सरळ वाटतं ना? यावर चावडीत नऊ दिवस भांडण. काटकोन म्हणाला, की शांतता भरणं म्हणजे जे नव्हतं ते घुसडणं. कोणी म्हणालं, घुसडा, पण त्या जागेला 'शांतता' म्हणू नका, 'रिकामं' म्हणा. एकाने तर नवीन लिहिलेल्या ओळीत जागा सोडायला चुकीचं बटण दाबलं आहे म्हणून काम चार दिवस अडवलं. मला वाटलं आता फाटाफूट होणार. आपल्या घरात एवढ्यावर दोन चुली झाल्या असत्या. पण दहाव्या दिवशी काटकोनाने लिहिलं, "तपासलं. बरोबर आहे. घेतलं," आणि सगळे लगेच दुसऱ्याच विषयावर भांडायला गेले.

मी तळमजल्याला तीन आठवडे 'साहेब' म्हणत होतो. काम झाल्यावर मी आभाराचं लांबलचक पत्र लिहिलं तेव्हा कळलं, की ती बाई आहे. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करते. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, लिफ्टच्या खड्ड्याशेजारी डबा उघडून, लॅपटॉप मांडीवर घेऊन तिने तुझं पडणं दीडशे वेळा पाहिलं. मी विचारलं, "तुम्ही माझ्यासाठी एवढं का केलंत?" तिने लिहिलं, "तुमच्यासाठी नाही. चुकीचं होतं म्हणून." मावशी, सांगतो तुला, मी वर्षानुवर्षं दुकानात 'ग्राहक हाच आमचा' वगैरे पाटी लावली आहे, ती त्या दिवशी उतरवून ठेवली.

मी या लोकांचा विचार करत बसतो. यांच्यातले कोणतेही दोघे एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. तोंडाने फटकळ, नमस्कार-चमत्कार शून्य, कुणी कुणाला 'छान' म्हणत नाही. पण एका चष्मेवाल्याच्या मावशीची पडण्याची वेळ दोन सेकंदांनी चुकली आहे हे कळल्यावर त्यांना जेवण गोड लागलं नाही. आणि जे दुरुस्त केलं ते माझ्या एकट्याच्या फायलीपुरतं नव्हे. आता जगात ज्याच्या ज्याच्या घरी चुरगळलेली कॅसेट आहे, त्याच्या त्याच्या आत्या-काका-मामांचा आवाज जागेवर येणार, आणि त्यांना यातलं काही कळणारही नाही. नव्या आवृत्तीसोबत आभारांची यादी असते. तिच्यात 'चष्मेवाला' आहे, सत्ताविसावा. तुझ्या सुनेने ते पान छापून फ्रिजवर लावलं आहे आणि आल्यागेल्याला दाखवते, म्हणजे आमचं बोलणं का सुरू आहे ते तुला कळलं असेल.

तर सांगायचं ते असं, की आवाज जागेवर आला. तळमजल्याने थर्मासावरून माप घेतलं. थर्मास फळीवर आपटताना दिसतो त्याच क्षणी 'ठण्ण' ऐकू येतं, केसाचाही फरक नाही. मामाची शिंकही आता त्याच्या नाकातूनच येते. यंत्र खोटं बोलत होतं हे सिद्ध झालं आहे. तू ज्या अकरा जणांना फोन केले होतेस त्यांना हे कळवावंस अशी अपेक्षा नाही, पण कळवलंस तर बरं दिसेल.

गुडघ्यांना जप. जिन्याचा कठडा धर.

तुझा एकुलता एक भाचा,
चष्मेवाला

ता. क. — एक छोटंसं काम होतं. ही मंडळी प्रोग्राममध्ये काहीही बदल केला की आधी जुन्या अडचणीच्या फायली त्यातून चालवून बघतात. एकही बिघडली तर बदल परत. त्या फायलींमध्ये आता तू आहेस. म्हणजे यापुढे जगात कुठेही कोणी या प्रोग्रामला हात लावला, की आधी तू पाण्यात नीट पडतेस ना ते पाहिलं जाईल. दिवसाला साधारण चाळीस वेळा. यासाठी चित्रातल्या व्यक्तीची लेखी परवानगी लागते. मी त्यांना 'मावशीने आनंदाने दिली आहे' असं कळवून मोकळा झालो आहे. तेव्हा चार ओळी लिहून पाठव, आणि जमल्यास वर मागच्या महिन्याची तारीख घाल. मुख्याध्यापिकेला हे सांगतो आहे, म्हणून एवढ्या ओळी स्टुलावरून उठून उभ्याने लिहिल्या आहेत.

आणखी ता. क. — वर सगळं खरं लिहिलं आहे, फक्त एक गोष्ट लिहायची राहिली. आवाज जागेवर आल्यावर मी ती फाईल लावली. थर्मास बरोबर. शिंक बरोबर. आई मात्र अजूनही तू पडायच्या आधीच हसते. दोन सेकंद नाही, पण पाऊण सेकंद तरी आधी. मी चावडीवर पुन्हा तक्रार केली, की दोष शिल्लक आहे. तिघांनी वेगवेगळं तपासलं. काटकोनाने तक्रार बंद केली आणि खाली लिहिलं, "प्रोग्रामचा दोष नाही. कॅमेरा धरलेल्या बाई आधी हसल्या." तेव्हा मावशी, तू एकतीस वर्षं बरोबर होतीस. तिला दोरी दिसत होती. तिच्या वतीने माफी मागतो. हे पत्राच्या पोटात लिहायला धजावलो नाही.

शेवटचा ता. क. — तळमजल्याने परवा विचारलं, "शेवटी त्या दोघी काय बोलतात? मी इतक्या वेळा ऐकलं, पण भाषा येत नाही." मी म्हटलं, शेवटी कुठे कोण बोलतं? तू पडलीस की आई कॅमेरा फळीवर ठेवते, पडद्यावर नुसतं आभाळ येतं, आणि तिथे आपण मामाकडेही टीव्ही बंद केला आणि मीही दर वेळी पुढे पळवत आलो. आवाजही तिथेच सगळ्यांत जास्त फाटलेला होता, नुसती खरखर. आता ती वाचली आहे. मी दुकान बंद केलं आणि ऐकलं. पाण्यात दुसरं कोणीतरी धपकन उतरतं. मग तुझा आवाज, धाप लागलेला, "काय गं, दोरी दिसत होती ना तुला?" आणि आई म्हणते, "हो." आणि मग मावशी, तू हसतेस. आईपेक्षा मोठ्याने. एवढं हसतेस की तुला पुढचं बोलता येत नाही, आणि ती तुला ओढून वर काढायच्या ऐवजी तिथेच पाण्यात बसल्याचं ऐकू येतं. तुला तेव्हापासून ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं, की तुला ठाऊक आहे. मी तळमजल्याला अजून उत्तर दिलेलं नाही. काय सांगू ते तू कळव. फाईल सोबत पाठवतो आहे. आभाळ आलं की बंद करू नकोस.